कालचं लुगडं

दगडाबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन रात्री दवाखान्यात राहायचं होतं, म्हणून पुण्यातल्या लेकानं कुत्र्या-मांजरांपाशी मुक्कामाला कॉलेजातली आमरीन ठरवली. पडेगावच्या घरात मांजरं तिच्या मांडीवर चढली. खंड्या कुत्रा मात्र गुरगुरतच राहिला. "आजी, हा तर जवळच येऊ देईना," आमरीन रडकुंडीला आली. "त्याला लुगड्यातलंच माणूस कळतं, पोरी." दगडाबाईंनी कालचं न धुतलेलं लुगडं आणून तिच्या कुडत्यावरूनच नेसवलं, निऱ्या खोचल्या, मगच त्या रिक्षात बसल्या. संध्याकाळी आमरीननं पदर सावरत भाकरी पुढं केली. खंड्यानं लुगडं हुंगलं, मग भाकरी खाल्ली. दवाखान्यातून फोन आला: "जेवला का त्यो? आन् तू?" तिसऱ्या दिवशी दगडाबाई एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परतल्या. आमरीन लुगड्याची घडी घालून देऊ लागली. "राहू दे तुझ्यापाशी. दुसरा डोळा अजून बाकी हाय."