नव्या अंबाडीचा ताप

चौऱ्याऐंशी वर्षांचे भास्करराव निमकर सांगलीच्या बागेत शालिनीबाई टिपणीसांना लग्नाचं विचारून बसले. दोघंही एकटे, वर्षभर रोज बरोबर फिरणारे.

शालिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "साठ वर्षांपूर्वी तुम्ही मला बघायला आला होतात. दोनदा पोहे मागून घेतलेत आणि मुलगी सावळी आहे म्हणून नकार कळवलात."

भास्कररावांना सगळं लख्ख आठवत होतं. पूर्वी या वयाचा माणूस 'आठवत नाही हो' म्हणून सुटला असता. पण शास्त्रज्ञांनी नवी अंबाडी काढली आणि तिच्या पानांतल्या द्रव्यानं म्हातारपणचा विसरभोळेपणाच संपला. आता घरोघरी तीच भाजी शिजत होती. ही सबब कोण ऐकून घेणार?

सगळं आईवर ढकलावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण ते म्हणाले, "मीच म्हणालो होतो. गाढव होतो."

शालिनीबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"मग रविवारी मी तुम्हाला बघायला येते. चालून दाखवावं लागेल, गाणंही म्हणावं लागेल. काय ते नंतर कळवीन."

शनिवारपर्यंत भास्करराव काठीशिवाय अंगणात फेऱ्या मारू लागले होते आणि शेजारी त्यांच्या गाण्याला पार वैतागले होते.