बावीस

प्राण्यांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाईंना सगळे फूटपट्टी म्हणत. जनावर टेबलावर आलं, की त्या आधी छातीची जाडी मोजत आणि त्या मापाप्रमाणेच मशीन लावत.

आजचा कुत्रा म्हातारा होता. हृदय नाजूक, म्हणून गुंगी देता येत नव्हती, आणि फोटो नीट आल्याशिवाय औषध ठरणार नव्हतं.

"हे गेल्यापासून हा कुणाला हात लावू देत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "ह्यांनी धरलं तरच गप्प राहायचा. दोघे एकाच माळेचे मणी."

पण कुणी न धरताही कुत्रा कुशीवर निमूट पडून राहिला. बाईंनी मापाची सरकती दांडी खाली आणली. ती बावीसवर अडली. केसांना टेकलीच नव्हती. मधे चांगलं चार सेंटिमीटर अंतर होतं.

डोळ्यांना अठरा दिसत होते. बाईंनी डोळ्यांचं ऐकलं आणि बाहेर येऊन फोटो घेतला. तो पांढराफटक आला; किरण कमी पडले होते.

कुत्र्याला धाप लागू लागली होती. आता एकदाच जमणार होतं. त्यांनी गुपचूप बावीस लावलं. फासळी न् फासळी लख्ख उमटली.

आत जाऊन त्यांनी, खोड म्हणा, पुन्हा माप लावलं. बावीसच. दांडीखालचे केस तळहाताएवढ्या जागेत चपटे झाले होते.

"झालं," जनावर धरणाऱ्याला सवयीने म्हणतात तसं त्या म्हणाल्या. "सोडा आता."

दांडी आपसूक अठरावर घसरली, आणि चपटे केस हळूहळू उभे राहिले.