दुसरीकडे कापलेले केस

"गिऱ्हाईक म्हणून आलोय," नवरा तिच्या पार्लरच्या दारातच म्हणाला.

म्हणजे नियम मोडला नव्हता. दोन महिने फोन नाही, मेसेज नाही, घरी येणं नाही, एवढंच ठरलं होतं. केस कापायला येऊ नये, असं कुणी म्हटलं नव्हतं.

"बसा," ती कातर पुसत म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने त्याला अहो-जाहो केलं.

कोपऱ्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका डोक्याला डाय लावून बसल्या होत्या. त्यांनी मासिक तोंडासमोर धरलं आणि कान टवकारले.

थोडे दिवस वेगळं राहू या, हे सुचवलं होतं तिनेच. रोजच्या धुसफुशीला कंटाळून. खरं तर तो "नको गं" म्हणेल, अशी तिची खात्री होती. पण हा पठ्ठ्या "बरं" म्हणाला आणि बॅग भरून मावसभावाकडे गेला. त्या "बरं"चा राग अजून गेला नव्हता. आता मुदत संपत आली तरी कुणी तोंड उघडत नव्हतं. आधी बोलेल तो हरला, असं दोघांनीही मनाशी धरलं होतं. तिला हरायचं नव्हतं. पण तो परत आलाच नाही तर, ही धास्तीही होती.

त्याने टोपी काढली आणि ती बघतच राहिली. लग्नाच्या आधीपासून या डोक्याला तिच्याशिवाय कुणाची कातर लागली नव्हती. आता दोन्ही कानांवरचे केस उंदराने कुरतडल्यासारखे दिसत होते आणि कपाळावर पायऱ्या पडल्या होत्या.

"कुणी कापले हे?"

"आहे एक बाई," तो आरशात बघत म्हणाला.

मासिकाचं पान उलटायचं राहून गेलं.

तिने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, जरा आवळूनच. पाण्याचा फवारा थेट डोळ्यांत गेला. "सॉरी," ती म्हणाली आणि आणखी एक मारला. मग त्याची मान पुढे दाबून तिने मागचे केस विंचरायला घेतले. ते कातर न लागता तसेच वाढलेले होते. कंगवा मध्येच थांबला. पुन्हा चालू लागला तेव्हा तिचा आवाज एकदम मधाळ झाला होता.

"दिसायला कशी आहे हो ती?"

"देखणीच म्हणायची."

"आणि स्वभाव?"

"हट्टी आहे जरा. पण मनाची चांगली."

"पुन्हा जाणार तिच्याकडे?"

त्याची मान खालीच होती.

"नाही. तिलाच कंटाळा आलाय आता. जा बाबा आपल्या घरी, म्हणते."

"काय निर्लज्ज माणूस आहे!" मासिकामागून आवाज आला.

ती हसली नाही, चिडलीही नाही. कातर झरझर चालू लागली. मागचे केस झाले, डावी बाजू झाली. त्या बाजूने लग्नाच्या फोटोतही तो इतका नीटनेटका दिसत नव्हता. मग तिने कापड ओढून काढलं आणि खांद्यावरचे केस झटकले.

"झालं. उठा."

"अगं, आणि उजवी बाजू?"

"ती इथे होणार नाही."

"असाच जाऊ रस्त्याने?"

"जा की."

त्याने टोपीकडे हात नेला, तर ती तिने आधीच उचलली होती. बिचारा एक हात कानावर धरून दाराकडे निघाला.

"शाब्बास!" मुख्याध्यापिकांनी मासिक खाली टाकलं. "चांगली जिरवलीस. आता उरलेले कापायला जाऊ दे त्याला त्याच बाईकडे."

"थांब रे," तिने मागून हाक मारली. "उरलेले संध्याकाळी घरी कापते. आणि येताना तुझ्या त्या देखण्या बाईलाही घेऊन ये. स्वतःच्या मानेमागे हात पोचत नाही बिचारीचा."