ताईची दोन बोटं

दोघी बहिणींचा दोन महिने अबोला होता. बोलणं काय ते बेसबॉलच्या मैदानावर, तेही बोटांनी. फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचर ताईने गुडघ्यांआडून एक बोट दाखवलं की धाकटीने सरळ चेंडू टाकायचा, दोन दाखवली की वळणारा.

आज शेवटच्या डावात ताई दोनच बोटं दाखवत राहिली. धाकटीने तीनदा मान हलवून नकार दिला. शेवटी खेळ थांबवून ताई तरातरा तिच्यापाशी आली. धाकटीच्या डोक्यात तिडीक गेली.

"वळणारा चेंडू आज पडतच नाहीये माझ्याकडून. कशाला हट्टाला पेटलीयेस?"

ताईने तोंडावरची जाळी वर सारली. हसावं की रडावं, तिला कळेना.

"चेंडू कोण मागतंय, वेडाबाई? बट्टी म्हणतेय मी."