सोळावी जोडी

सिस्टरने शिट्टी फुंकली. पाण्यातल्या मुलींनी एकमेकींची मनगटं धरून हात वर केले. वाळूत बसलेल्या प्लंबरने जोड्या मोजल्या.

"पंधरा!" तो ओरडला.

काल सोळा होत्या. शाळेच्या शेवटच्या वर्गात मुली बत्तीस, म्हणून जोड्या सोळा. आज चिमणी, वर्गातली सगळ्यांत बुटकी मुलगी, त्याच्या शेजारी पाय पसरून बसली होती. घोट्याला पट्टी होती. ती त्यानेच बांधली होती, गळक्या पाइपला गुंडाळतात तशी, घट्ट. सकाळी कपबशा विसळताना म्हणे पाय मुरगळला. कपबशा विसळताना पाय कसा मुरगळतो, हे त्याने विचारलं नाही. हल्ली तो फारसं काही विचारत नसे.

चिमणीची जोडीदार जिराफ, सगळ्यांत उंच; दोन्ही नावं वर्गानेच ठेवलेली. ती पोहण्याच्या कपड्यांत तिथेच उभी होती, कोरडी ठणठणीत. जोडीशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही, हा इथला नियम होता.

नियम त्याच्या बायकोने केलेला. ती शाळेत पोहायला शिकवायची. परीक्षा संपली की शाळा शेवटच्या वर्गाला तीन दिवस इथे, समुद्राकाठी, रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला आणायची. सकाळी मिस्साची प्रार्थना, मग मौन, मग फादरांची गिटार, आणि अकरा वाजता एक तास समुद्र. तो तास बायकोचा. प्लंबरही दरवर्षी तिच्याबरोबर यायचा, रिट्रीटच्या घरातले नळ फुकटात दुरुस्त करायचा आणि तो एक तास तिचा जोडीदार व्हायचा. "तळवा निसटतो, मनगट धरायचं," असं ती प्रत्येक मुलीला सांगायची. त्यालाही सांगायची.

ती जाऊन पाच महिने झाले होते. या वेळी तो आला तो सिस्टरचा फोन आला म्हणून. नळ गळतायत, भाऊ, असं ती म्हणाली होती. काल दिवसभरात त्याने सगळे नळ दुरुस्त केले. न गळणारेही दोन केले. आज सकाळी स्वयंपाकघरात त्याने सिस्टरला सांगून टाकलं, "माझं काम झालं. दोनच्या बसने निघतो. पुढच्या वर्षी दुसरा प्लंबर बघा."

"अहो, उद्याचा दिवस तरी थांबा. समुद्रात एकदा जाऊन या."

"जोडी नाही मला. नियम म्हणजे नियम."

मोरीपाशी दोन मुली कपबशा विसळत होत्या. मौनाची वेळ होती, तोंडं बंद, कान उघडे.

"काका," आता जिराफ म्हणाली, "तुम्ही येता का माझ्या जोडीला?"

"मला कुठे पोहता येतं!"

"थापा नका मारू. मिसनीच शिकवलंय तुम्हाला. तीन महिने तलावाची पायरी सोडत नव्हतात म्हणे."

"हे तिने तुम्हाला सांगितलं?"

"सगळ्या वर्गाला. आम्ही घाबरलो की तुमचं उदाहरण द्यायच्या."

चिमणी खुदकन हसली. प्लंबरने वाळूत बोट फिरवलं. "पोहायचे कपडे नाही आणले मी," तो म्हणाला.

"पँट वाळते, काका."

"दोनची बस आहे."

"बसमध्ये वाळेल."

त्याने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर आभाळाकडे पाहत होती. जिराफ लाटांकडे पाहत होती. शाळेतली शेवटची सहल, आणि पोरगी काठावर वाळत उभी. असं मुलीला वाळत ठेवलेलं बायकोला खपलं नसतं. तो उठला. घड्याळ काढून चिमणीच्या हातात दिलं, पँटचे पाय दुमडले. पाणी घोट्याला लागलं तेव्हा तो थांबला. जिराफही थांबली. मग ती एक पाऊल पुढे गेली आणि तोही गेला.

पहिलीच लाट छातीवर आली. दुमडलेल्या पँटचा काही उपयोग झाला नाही. "बाप रे!" तो इतक्या जोरात ओरडला की अर्धा वर्ग वळून पाहायला लागला. "काका आले, काका आले!" करत पोरींनी त्याच्यावर पाणी उडवलं. त्यानेही उडवलं. एक लाट डोक्यावरून गेली, तो खोकला, हसला, पुन्हा खोकला.

तेवढ्यात शिट्टी झाली. सगळे हात वर गेले. त्याचा गेला नाही. शिट्टी झाली की आपण मोजायचं असतं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जिराफने पाण्याखाली चाचपून त्याचं मनगट धरलं. तळवा नाही, मनगट. अंगठा आतल्या बाजूला, बरोबर शिरेवर. असं त्याला एकाच बाईने धरलं होतं. मुलीने हात वर ओढला आणि त्याचा हात तिच्याबरोबर वर गेला.

"सोळा!" काठावरून चिमणी ओरडली.

तो पाण्यात शेवटपर्यंत राहिला. जेवणाची घंटा झाली तेव्हा मुली पळाल्या. तो मागून सावकाश निघाला, पँट पिळत, बसचा विचार करत. घराच्या दगडी पायऱ्यांवर सगळ्यांना मागे टाकून एक मुलगी दोन-दोन पायऱ्या एका दमात चढत होती. तिच्या घोट्याला पट्टी होती.

"अगं ए!" तो खालून ओरडला. "तुझा पाय?"

चिमणी जागच्या जागी थांबली. तिने पायाकडे पाहिलं. जिराफने कपाळावर हात मारला.

"बरा झाला, काका," चिमणी म्हणाली. "उद्या हिचा मुरगळायचाय."