मिठाची भिंत

दुरुस्तीचे इंजिनिअर ओगले साहेब यांनी शिडीवर उभं राहून हातोडी उलटी धरली आणि कमानीच्या डाव्या खांबावर दांड्यानं टक् केलं. ठाण्याच्या बाजारपेठेतले चौदा दुकानदार खाली तोंडं वर करून उभे. आवाज भरीव आला, म्हणजे नवा गिलावा भिंतीला धरलेला, तर इमारत राहणार. पोकळ आला तर ती बिल्डरची, पाच मजली कॉम्प्लेक्ससाठी. त्याची पांढरी मारुती नाक्यावर उभीच होती, आणि इमारत विकायचे कागद दुकानदारांचे पुढारी नाथाशेठ यांच्या खिशात. फक्त सह्या बाकी.

सगळ्यांच्या मागं, घमेलं पालथं घालून त्यावर सगुणाबाई बसली होती. कळव्याची आगरीण, साठीच्या पुढची. मस्टरवर नुसतंच 'बिगारी बाई'.

इमारत १८९७ची. वर पेढ्या, खाली मिठाची वखार. साहेबांनी तिच्या दर्शनी भिंतीला दोनदा सिमेंटचा गिलावा चढवला. दोन्ही वेळा पावसाळा सरताच पोपडे फुगून खाली आले, दुसऱ्यांदा तर थेट केळीवाल्याच्या गाडीवर. साहेबांनी वाळूला दोष दिला, मग गवंड्याला, मग पाण्याला. भिंतीला कुणी विचारलं नाही. कॉलेजात गिलावा शिकवतात, भिंतीचा घाम शिकवत नाहीत. पन्नास वर्षं मिठाच्या राशी अंगाला टेकवून ती आतून खारी झालेली. सिमेंटनं तोंड बंद केलं की ती थुंकणारच.

हे सगुणाबाईनं पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. खाडीतले शिंपले भाजून चुना करा, तो मुरवा, बैलाच्या घाण्यात दळा, बेलफळाचं पाणी घाला. तिची सासू आयुष्यभर चुन्याच्या भट्टीवर राबलेली. नाथाशेठ तेव्हा पोट धरून हसले. म्हणाले, साहेब, ही म्हातारी आपल्याला चुना लावणार बघा. सारी पेठ हसली. ती हसली नाही.

सिमेंट दुसऱ्यांदा पडल्यावर साहेब स्वतः तिच्यापाशी आले. तरी तिनं घाई करू दिली नाही. चुना मुरेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही म्हणाली, आणि डिग्रीवाल्या माणसाला बेचाळीस दिवस बसवून ठेवलं. मग चुना चढला, त्यावर एक पावसाळा गेला. आज परीक्षा.

टक्. टक्. कमान, खांब, वरचा १८९७चा आकडा. सगळीकडे आवाज भरल्या माठाचा. शेवटच्या खिडकीखाली मात्र हातोडी पोकळ वाजली. साहेब थांबले. पुन्हा वाजवून पाहिलं. पोकळच.

नाथाशेठचा हात खिशात गेला.

सगुणाबाई बसल्या जागेवरूनच बोलली, "तो तुकडा तुमचाच हाय, साहेब. चांगला धरलाय, राहू दे, असं तुमीच म्हनलेलात."

साहेबांनी नखानं रंग खरवडला. खालून राखाडी सिमेंट निघालं. बोट लागताच हातभर पोपडा सुटून रस्त्यावर आपटला. पेठ पुन्हा हसली, आणि या वेळी शिडीवरचे साहेबही हसले. नाक्यावरची मारुती कधी सुरू झाली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

नाथाशेठनी रिकामा हात बाहेर काढला. "सगुणाबाई," ते म्हणाले. तिचं नाव त्यांच्या तोंडून पेठेनं पहिल्यांदाच ऐकलं. "लावलात की हो चुना."

साहेब खाली उतरले. एवढी खात्री कशी होती, त्यांनी हळूच विचारलं.

सगुणाबाईनं घमेलं सुलटं केलं. "या वखारीतलं मीठ आमचे मान्सांनी डोक्यावरनं आणलेलं. भिंतीनं आमचं मीठ खाल्लंय, साहेब. ती कशाला बेइमान व्हईल?"

आणि उरलेला चुना घेऊन ती खिडकीखालचं भोक बुजवायला शिडी चढली. शिडी साहेबांनी धरली.