दुसरी चावी

"चोऱ्या तुम्ही करता का?"

सिस्टरनी भर रस्त्यात, चार माणसांदेखत विचारलं आणि चावीवाल्याच्या हातातली कानस थांबली. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई. आता गल्लीच्या बातम्या एका पानावर लिहून दर रविवारी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर डकवत. इंजेक्शन देताना कधी गोड बोलल्या नाहीत, त्या आता कशाला बोलतील!

चावीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीत घरामागून घर साफ होत होतं आणि कुलूप मात्र एकही तुटलं नव्हतं. मग काय, ज्याच्या हाती चावी तोच चोर! तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं, पण गिऱ्हाईक दुकानापुढून मान वळवून जायचं. समोरच्या शिवणकाकूंनी तर नातवंडांना त्याच्या पायरीवर बसायचीही बंदी केली होती. असंच चाललं असतं तर दुकानाला टाळं लागायला वेळ नव्हता.

"नाही!" तो ओरडला. "लिहा मोठ्या अक्षरात!"

"लिहिते. मग चोर आत शिरतो कसा? तुम्हाला काय वाटतं?"

इतक्या दिवसांत त्याला काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं. राग कुठल्या कुठे गेला आणि त्याने कानस खाली ठेवली.

"सिस्टर, लोक दुसरी चावी करून घेतात आणि जाताना मलाच सांगतात, मीटरच्या पेटीत ठेवतो, कुणाला पत्ता लागायचा नाही. जो तो तिथेच ठेवतो! चोर कशाला कुलूप तोडतोय?"

"पोलिसांना हे कुणी बोललं नाही?"

"आपलीच फजिती आपण कोण सांगतो?"

सिस्टर चोरी झालेल्या प्रत्येक घरी जाऊन आल्या. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी वाचून दाखवायचं, हा त्यांचा शिरस्ता. शनिवारी चावीवाल्याच्या पायरीवर बसून त्यांनी वाचलं, "चोरी झालेल्या सगळ्या घरांची दुसरी चावी मीटरच्या पेटीत होती, असं घरच्यांनीच कबूल केलं. चोर कोण, ते अजून कळलेलं नाही. चावीवाल्याविरुद्ध काहीही पुरावा नाही. हे लिहिणारीची चावीही परवापर्यंत अशाच पेटीत होती."

"शेवटचं कशाला घातलंत? लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत की. हसता हसता आपापली पेटी उघडून बघतील."

आणि झालंही तसंच. रविवारी टाकीपाशी आधी खसखस पिकली, मग एकेक जण काहीतरी विसरल्यासारखा घराकडे वळला.

सोमवारी शिवणकाकू रस्ता ओलांडून आल्या. त्यांनी टेबलावर चावी ठेवली.

"आमची तिन्ही नातवंडं तीन वेळांना घरी येतात. बाहेर कुठे ठेवायची आता सोय राहिली नाही. तुमच्याकडे ठेवाल का, भाऊ?"

"माझ्याकडे?"

"मग कुणाकडे? मागे बोलले ते पोटात घाला, आणि ही ड्रॉवरमध्ये."

चोर अजून मोकळा होता. हे काकूंना ठाऊक होतं आणि त्यालाही. चावीवाल्याने चावी उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. दिवेलागणीपर्यंत आणखी चाव्या आल्या, आणि प्रत्येक चावीला नावाची चिठ्ठी बांधताना त्याने मनातल्या मनात सिस्टरना हात जोडले.

दुकान आवरताना त्याने भिंतीवरचं सगळ्यात महागडं कुलूप काढलं. त्याच्या स्वतःच्या ड्रॉवरला आजवर साधी कडीही नव्हती. एक कडी ठोकून तो कुलूप लावत होता, तेव्हा सिस्टर पुढून चालल्या होत्या. त्या थबकल्या.

"का हो, चोराची भीती वाटायला लागली?"

"हो सिस्टर," तो हसून म्हणाला. "आजपासून."